भित्र्या शमीमची नोकरी

शमीम भित्री आहे हे भोरच्या त्यांच्या आळीत शेंबड्या पोरालासुद्धा ठाऊक होतं. भिंतीवर पाल दिसली की ती खोली सोडून ओट्यावर येऊन बसायची. कुत्रं भुंकलं की रस्ता बदलायची. डेपोत गाडी मागं घेताना कंडक्टरनं शिट्टी मारली तरी तिच्या छातीत धस्स व्हायचं. नवरा मन्सूर टेम्पो चालवायचा. घाटात टेम्पो बंद पडला तर तो घरी कळवायचाच नाही. सगळं निस्तरून आला की जेवता जेवता सांगायचा. "आदी सांगून काय उपेग? तुझेच हातपाय गार पडायचे," म्हणायचा.

अशा बाईनं परक्या गावात, परक्या घरात राहून आजारी म्हातारा सांभाळायचं काम धरलं, तेव्हा आळीतल्या बायकांनी तोंडात बोटं घातली.

झालं असं, की शमीमच्या सासूबाई लकव्यानं बरीच वर्षं अंथरुणाला खिळून होत्या. त्यांना न्हाऊ घालणं, भरवणं, कूस बदलणं, सगळं शमीमनंच केलं. सासू गेली, मुलगी लग्न होऊन साताऱ्याला गेली आणि रिकामं घर तिला खायला उठलं. त्याच सुमारास नसरापूरच्या शाळेत शिकवणाऱ्या सुलक्षणाबाई तिचं नाव ऐकून दारात आल्या. त्यांच्या सासऱ्यांसाठी बाई हवी होती. "आप्पांना विसर पडतो. बाकी तब्येत अगदी ठणठणीत आहे," त्या म्हणाल्या. सासूबाईसुद्धा शेवटी शेवटी सगळं विसरायच्या, म्हणून शमीमनं हो म्हटलं. ठणठणीत म्हणजे काय ते तिला तिथं गेल्यावर कळलं.

रखमाजी आप्पा दारात उभे राहिले की दार भरून जायचं. घर वेल्ह्याच्या रस्त्याला, मार्गासनी सोडल्यावर, जरा आत. आप्पांचं फाट्यावर हॉटेल होतं. गडावर जाणारी पुण्याची पोरं, वडापच्या जीपगाड्यांचे ड्रायव्हर, बाजाराला निघालेल्या बाया, सगळ्यांनी त्यांच्या हातची भजी खाल्लेली. उकळत्या तेलाचे शिंतोडे उडून मनगटांवर पांढरे डाग पडलेले. मग एकदा आप्पा चहात मीठ घालायला लागले, एकदा घराची वाट विसरले, आणि मुलानं, हनुमंतानं, हॉटेलला कुलूप घातलं. हनुमंत पानशेतला एका फार्महाऊसची देखरेख करायचा. सकाळी नवरा-बायको दोघं बाहेर पडले की दिवसभर घरात आप्पा आणि शमीम.

पहिल्या दिवशी निघताना हनुमंतानं तिला एकच गोष्ट बजावली. "शमीमताई, आप्पांना गॅसजवळ जाऊ द्यायचं न्हाई. मागल्या साली कढई ठिवून झोपले. पडदा पेटला, छताला आग लागायची ऱ्हायली. तुमी बाकी काय बी करा, पण येवढं संबाळा."

"व्हय दादा," ती म्हणाली, आणि मोटारसायकलचा आवाज ऐकू येईनासा होईपर्यंत कान देऊन राहिली.

आप्पा तिच्याकडं टक लावून बघत होते.

"कोण गं तू?"

"मी शमीम. तुमच्यासंगं ऱ्हायला आलेय."

"पिशवी दाव."

तिनं पिशवी दाखवली. त्यांनी तिचे कपडे उलटेपालटे केले, कंगवा उचलून उजेडात धरला आणि खिशात टाकला. "चोरटी हायेस. काल बी आली व्हतीस," ते म्हणाले, आणि तिच्या दंडाला धरून तिला दाराकडं ढकललं. जोर इतका, की ती उंबऱ्याला ठेचकाळली.

दुपारी ती न्हाणीत धुणं धूत होती. बाहेरून कडी लागल्याचा आवाज आला. तिनं हाका मारल्या, दार वाजवलं. आप्पा बाहेरून म्हणाले, "पोलीस येऊ दे आता." मग त्यांची पावलं लांब गेली आणि ते विसरून गेले. शमीम पिळलेल्या कपड्यांच्या बादलीशेजारी गुडघे पोटाशी घेऊन बसली. वर कौलाच्या फटीत पाल होती. तिला त्या दिवशी पालीचंसुद्धा काही वाटलं नाही. बाहेर भांडं पडलं की तिला वाटायचं, आता गॅस लावतील. सगळं शांत झालं की वाटायचं, कुठं निघून गेले. संध्याकाळी सुलक्षणानं येऊन कडी काढली तेव्हा शमीमला उभं राहता येईना.

रात्री तिनं मन्सूरला फोन केला. "मला न्यायला या."

"उद्या भाडं हाय, परवा येतो," मन्सूर म्हणाला. "तवर जिवाला जप."

दुसरा दिवस कसातरी काढायचा होता. शमीम स्वयंपाकघरात भिंतीला पाठ लावून बसली, म्हणजे मागून कुणी येणार नाही. गॅसचं बटण तिनं सिलिंडरपाशीच बंद करून ठेवलं. समोर पाट ओढला आणि कालवणासाठी कांदा चिरायला घेतला. डोळ्यांत पाणी आलं ते कांद्याचं की कशाचं, तिचं तिलाच कळेना. वर बघते तर आप्पा पुढ्यात उभे. त्यांनी वाकून तिच्या हातातली सुरी काढून घेतली.

दार आप्पांच्या पलीकडं होतं. शमीमला मन्सूर आठवला, मुलगी आठवली. आता हात वर होणार, असं वाटून तिनं डोळे मिटून घेतले.

सुरीचा सटसट आवाज ऐकू आला. तिनं डोळे उघडले. आप्पा मांडी घालून बसले होते आणि कांदा चिरत होते. सुरीकडं त्यांचं लक्षच नव्हतं, बघत होते खिडकीबाहेर, आणि हाताखाली कांद्याच्या पातळ, लांब पाकळ्या पडत होत्या.

"भजीला असा बारीक कांदा न्हाई चालत," ते म्हणाले. "उबा चिरावा लागतो. कुणी शिकवलंय तुला? किती टेबलं भरलीत?"

"चार," ती म्हणाली. का म्हणाली, तिला माहीत नव्हतं. भीतीनं जे तोंडात आलं ते बोलली.

"मग येवढ्यानं काय हुतंय? आन अजून."

तिनं टोपली पुढं सरकवली. घरातले होते नव्हते तेवढे कांदे आप्पांनी चिरले. मग सुरी धुतली, फडक्यानं पुसली आणि मूठ तिच्याकडं करून परत दिली. त्या दुपारी त्यांनी तिला चोरटी म्हटलं नाही. संध्याकाळी सुलक्षणा परातभर कांदा बघून कपाळाला हात लावून हसली आणि सगळ्यांना झुणका खावा लागला. मन्सूरला शमीमनं कळवलं, "हप्ताभर बगते."

पुढं तिनं जे जे केलं ते असं भीतभीतच केलं. आप्पांचे हात रिकामे राहिले की डोक्यात काहीतरी शिरायचं, हे तिनं ओळखलं. मग सकाळी नवरा-बायको बाहेर पडले की ती पडवीत सतरंजी टाकायची आणि घरातलं काम तिथं मांडायची. तांदूळ निवडायचा, घेवडा मोडायचा, लसूण सोलायचा. नुसतं "हे करा" म्हटलं की आप्पा गुरकावायचे. पण "आप्पा, धा मानसांची वडाप येतीय, लसूण न्हाई सोललेला," म्हटलं की बाह्या मागं सारून बसायचे. आळीत जिचा आवाज शेजारणीला ऐकू जायचा नाही ती शमीम पडवीतून ओरडायला शिकली. "एक पिठलं, दोन भाकरी, ठेचा जादा!" आप्पा आतून ओरडायचे, "ठेचा संपला, चटनी घ्या!" एकदा शेजारच्या साळूबाई शेण टाकून तशाच हातानं धावत आल्या.

"काय गं, पुन्यांदा हाटेल घातलं का काय?"

"घातलं की," आप्पा म्हणाले. "बसा. काय घेनार?"

साळूबाई पदरात तोंड घालून हसल्या आणि शमीमलाही हसू फुटलं. त्या घरात ती पहिल्यांदा हसली ती त्या दिवशी.

कपड्यांच्या घड्या घालणं हे आप्पांचं आवडीचं काम. पण घडी एकच यायची, टेबल पुसायच्या फडक्याची. सुलक्षणाच्या शाळेतल्या साड्या, हनुमंताच्या पँटी, सगळं त्या एका मापात बसवायचे. सुलक्षणा कुरकुर न करता रोज पुन्हा इस्त्री करायची. भांडी घासायला शमीम बसली की आप्पा विसळायला बसायचे, ताटं एकमेकांवर आपटायचे, त्या खणखणाटावर खूश व्हायचे. शमीम म्हणायची, "आप्पा, आज गिऱ्हाईक लई हुतं," आणि ते म्हणायचे, "बाजार हाय न्हवं!"

सगळेच दिवस असे जात नव्हते. अंघोळीच्या पाण्याला आप्पा भ्यायचे. डोक्यावर तांब्या धरला की किंचाळायचे, हात उगारायचे. एकदा तो हात शमीमच्या कानशिलावर बसला आणि दोन दिवस तिला नीट ऐकू येईना. तिन्हीसांजेला तर ते हमखास बिथरायचे. "माजी मानसं कुटं गेली? मला घरला सोडा," म्हणत दाराशी धडका द्यायचे. उन्हं कलली की शमीमच्या तळहातांना घाम फुटायचा. सुलक्षणाच्या स्कूटीचा आवाज येईपर्यंत ती आप्पांच्या मागं मागं फिरायची, हातात काहीतरी देत. शेंगा दे, पोळपाट पुसायला दे, मोकळी बरणी दे. तिची भीती कमी झाली नव्हती. एका बाजूला भीती असायची आणि दुसऱ्या बाजूला काम चालायचं, एवढंच.

असं करत पावसाळा सरत आला. शेतात भात पोटरीला आलं होतं, लोंब्या बाहेर पडायच्या होत्या.

त्या दुपारी शमीमनं भाताचा कुकर लावला होता आणि आप्पा पडवीत वाटाणे सोलत होते. ऊन पडलेलं असतानाच सर आली. परसात धुणं वाळत होतं. ती धावली. सिलिंडरचं बटण बंद केल्याशिवाय ती स्वयंपाकघर कधी सोडायची नाही, पण कुकरची शिट्टी व्हायची होती आणि पलीकडं चादरी भिजत होत्या. दोरीवरच्या चादरी काढून खांद्यावर टाकल्या आणि वळली. न्हाणीच्या पुढच्या फरशीवर शेवाळ धरलं होतं. पाय कसा गेला ते कळलंच नाही. घोट्यात काहीतरी कडकन् वाजलं आणि ती चादरींसकट आडवी झाली.

उठायला गेली तर डोळ्यांपुढं अंधारी. पाऊल भलत्याच बाजूला वळलेलं. फोन आत, देवळीत.

"साळूबाई! ओ साळूबाई!"

साळूबाई रानात गेल्या होत्या. पावसाच्या आवाजात हाक कुंपणापर्यंतसुद्धा गेली नसेल.

तेवढ्यात स्वयंपाकघरात कुकर उचलून खाली ठेवल्याचा आवाज आला. मग शेगडीवर कढई. शमीमच्या अंगातून दुखणं निघून गेलं आणि तिथं दुसरंच काहीतरी शिरलं. तेलाचा डबा उघडल्याचा आवाज तिला ओळखता येत होता. डबा भरलेला होता. बराच वेळ तेल ओतलं जात होतं.

"आप्पा!" ती ओरडली. "आप्पा, बाहेर या!"

आत झारा कढईवर खणखणला.

"शेठ! गिऱ्हाईक गेलं! गॅस बंद करा!"

"जाऊ दे, दुसरं यील," आप्पा आतून म्हणाले.

"शेवटची मुक्कामाची गाडी वर गेली, शेठ! हाटेल बंद करायची वेळ झाली!"

खिडकीतून आप्पांचा आवाज आला, रागावलेला. "उजेड दिसतुया न्हवं अजून? खोटं बोलतीया."

शमीमला दुसरं काही सुचेना. इतके दिवस जे जे चालत आलं होतं ते सगळं संपलं. तापलेल्या तेलाचा वास परसात यायला लागला. पावसात भिजूनसुद्धा तो वास नाकात बसला. तिला पडदा दिसायला लागला, छताची लाकडं दिसायला लागली, आणि त्या सगळ्याच्या मधे आप्पा, मनगटावरच्या त्या डागांसकट. ती सरपटायला गेली. हातभर सरकली आणि दुखण्यानं ओकारी आली. मग ती लहान पोरीसारखी रडायला लागली. कुणाला ऐकू जावं म्हणून नाही. नुसतीच.

"आप्पा, मला भ्या वाटतंय. मला लई भ्या वाटतंय हो."

परसाचं दार करकरलं. आप्पा उंबऱ्यात उभे होते, हातात झारा. त्यांनी तिच्याकडं बघितलं. ती कोण आहे हे त्यांना त्या वेळी माहीत होतं असं तिला आजही वाटत नाही. पण कुणीतरी भ्यालेलं आहे, हे त्यांना कळलं.

"उगी," ते म्हणाले. पावसात येऊन तिच्याशेजारी बसले. "उगी, पोरी. मी हाय न्हवं हितं."

"आप्पा, आत गॅस…"

"कायबी न्हाई हुत. उगी." ते तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिले, आणि खिडकीतून धुराची पहिली वळकटी बाहेर आली.

"आप्पा, मला आत न्या," शमीम म्हणाली. "मला गारठा लागतोय. आत न्या."

हे त्यांना समजलं. ते उठले, तिच्या काखांत हात घातले आणि पिठाचं पोतं ओढावं तसं तिला फरशीवरून ओढत नेलं. पाय उंबऱ्यावर आपटला तेव्हा शमीमनं इतक्या जोरानं किंकाळी फोडली, की आप्पांनी तिला सोडलं. ती तिथंच पडली, अर्धी आत, अर्धी बाहेर. धुरानं डोळे झोंबत होते. कढईतलं तेल काळं पडून थरथरत होतं. "अजून थोडं, आप्पा. थोडंच." त्यांनी पुन्हा धरलं. तिनं ओट्याखाली हात लांबवला. बोटं सिलिंडरला लागली, घसरली, पुन्हा लागली. बटण फिरलं. शेगडीची निळी जीभ बारीक झाली आणि विझली.

नंतरचं तिला तुकड्या-तुकड्यांनी आठवतं. ती भिंतीला टेकून बसली होती आणि तिचे दात वाजत होते. आप्पा तिच्या पायाकडं बघत होते. "भाजलं व्हय?" ते म्हणाले. "तेल लई वंगाळ." आणि तेल तापत असताना भजीसाठी कालवून ठेवलेलं बेसन ओंजळीनं काढून त्यांनी तिच्या सुजलेल्या घोट्यावर थापलं. सुलक्षणा घरी आली तेव्हा दोघं असेच बसलेले होते. घरभर जळक्या तेलाचा वास, शमीमचा पाय गुडघ्यापर्यंत पिवळा, आणि आप्पा त्याच्यावर फुंकर घालत होते.

नसरापूरच्या दवाखान्यात पाय प्लास्टरमधे गेला. हनुमंत पानशेतहून थेट तिथं आला. शमीमनं काही लपवलं नाही. "बटन माज्याकडनं चालू ऱ्हायलं, दादा. तुमी बजावलं हुतं."

हनुमंताचा चेहरा पांढरा पडला होता. "घर गेलं असतं," तो म्हणाला. "आप्पा गेले असते. तुमी बी." मग म्हणाला, "ताई, तुमी आता घरीच ऱ्हावा." आवाज चढवला नाही. त्याच्या जागी आपण असतो तर आपणही हेच केलं असतं, असं शमीमला वाटलं.

मन्सूर टेम्पो घेऊन आला आणि तिला मागं गादीवर झोपवून भोरला घेऊन गेला. वाटेत तो म्हणाला, "सुटलीस." तीही हो म्हणाली. पण घरी पडल्या पडल्या उन्हं कलली की तिच्या हातांना घाम फुटायचाच. आता दाराशी धडका देत असतील. आता कोण काय देत असेल हातात?

प्लास्टर निघालं त्या आठवड्यात सुलक्षणाचा फोन आला. हनुमंतानं कामावरून सुट्टी काढली होती. आप्पा जेवत नव्हते, दोनदा रस्त्यावर निघून गेले होते, एकदा पोराला ओळखलं नाही आणि विळा घेऊन अंगावर आले. "ताई, हे पण आता त्यांना घाबरतात," सुलक्षणा म्हणाली. "तुम्ही कसं करत होता ते तरी सांगा."

"मी बी घाबरूनच करत हुते, वैनी," शमीम म्हणाली.

मन्सूरनं आधी नाही म्हटलं. मग एक दिवस टेम्पो काढून तिला स्वतःच सोडायला आला. घरात सिलिंडर आणि शेगडी आता दिसत नव्हती. हनुमंतानं मागच्या भिंतीला लागून पत्र्याची वेगळी खोली काढली होती, तिला कुलूप, आणि किल्ली सुलक्षणाच्या गळ्यात. पडवीत हॉटेलातलं एक जुनं टेबल आणून ठेवलं होतं. टेबलाशी आप्पा पाठमोरे बसले होते, आणि समोर हनुमंत, लाजून लाल झालेला, अगदी हळू म्हणत होता, "दोन… दोन प्लेट भजी."

"मोट्यानं बोल की," आप्पा त्याच्यावर खेकसले.

शमीमला बघून हनुमंत उठला. तिची माफी वगैरे मागितली नाही कुणी, आणि तिनंही मागितली नाही. "ताई, मला न्हाई जमत," तो म्हणाला. "पर मी शिकतो. रविवारी मी करीन, बाकी दिवस तुमी."

आप्पांनी तिच्याकडं वळून बघितलं.

"कोण गं तू?"

"मी शमीम."

"पिशवी दाव."

तिनं पिशवी पुढं केली. त्यांनी कंगवा काढून घेतला.

याला आता वर्ष होत आलं. सुरी शमीमनंच आप्पांच्या हातून काढून घेतली, एका सकाळी त्यांनी ती पात्याकडून धरली तेव्हा. त्या दिवशी तिला फार वाईट वाटलं. लसूण अजून जमतो, वाटाणे जमतात, घड्या जमतात. हनुमंताचा आवाज सुधारलाय, रविवारी साळूबाईंच्या घरापर्यंत ऐकू जातो. दर पंधरा दिवसांनी शमीम भोरला येते. आळीतल्या बायका विचारतात, "आता न्हाई ना गं भ्या वाटत?"

"वाटतं की," ती म्हणते.

परत जायच्या दिवशी सकाळी ती डेपोत पिशवी मांडीवर घेऊन बसते. नसरापूरची गाडी फलाटाला लागते, कंडक्टर शिट्टी मारतो, ती दचकते, आणि मग गर्दीत वाट काढून खिडकीची जागा धरते.